वाचकांचे प्रश्न : बीटीला न मरणारी अळी आणि काळा पडलेला पतंग

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे कीटकांविषयीची आहेत. माणसाने परिसर बदलला की कीटक कसे बदलतात, या एकाच विषयाच्या आसपास फिरणारे पाच प्रश्न त्यांतून निवडून येथे एकत्र घेतले आहेत. जागेअभावी पत्रांचा केवळ सारांश दिला आहे.

प्रश्न : बीटी कापूस आला तेव्हा पहिली काही वर्षे बोंडअळी दिसेनाशी झाली होती. आता त्याच कपाशीच्या बोंडात गुलाबी बोंडअळी सापडते. अळी बीटीला सरावली, असे सगळे म्हणतात. म्हणजे तिच्या शरीरात नेमके काय झाले, आणि ते इतक्या लवकर कसे झाले? यात आम्हा शेतकऱ्यांची चूक किती? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : कोणतीही एक अळी आपल्या हयातीत बीटीला सरावत नाही. ती बोंड खाऊन मरते, किंवा न मरता पतंग होऊन अंडी घालते, इतकेच. बदल होतो तो अळ्यांच्या एकूण समुदायात, आणि तोही पिढ्यांगणिक. बीटी कपाशी येण्यापूर्वीही असंख्य अळ्यांमध्ये एखादी अळी अशी असे, की जनुकात योगायोगाने झालेल्या बदलामुळे हे विष तिला बाधले नसते. मात्र विषच नसल्यामुळे त्या वेगळेपणाचा तिला काही उपयोग नव्हता. बीटी कपाशीने चाळणीचे काम केले. बाकीच्या अळ्या गळून गेल्या, या उरल्या, आणि एका हंगामात या किडीच्या अनेक पिढ्या होत असल्याने उरलेल्यांची संख्या वाढायला फार वर्षे लागली नाहीत.

शरीरातील फरक पाहायचा तर तो अळीच्या आतड्यात आहे. बीटी कपाशीत बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यापासून तयार होणारे प्रथिन आतड्याच्या भिंतीवरील कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटते, त्यानंतर आतड्याच्या पेशींना छिद्रे पडतात, अळी खाणे सोडते आणि मरते. प्रतिकारक्षम अळीत कॅडहेरिनची घडण बदललेली असल्याने विषाला चिकटायला जागा मिळत नाही. मात्र ही घडण बदललेले जनुक आई आणि बाप या दोघांकडून आले तरच अळी पूर्णपणे वाचते. एकाकडून आले असेल तर विषाची मात्रा पुरेशी असताना ती मरते. बीटीच्या पाकिटासोबत बिगरबीटी बियाण्याची छोटी पुडी देण्यामागील सगळे शास्त्र या एका वाक्यात आहे. त्या रेफ्युजी (आश्रयाच्या) झाडांवर साध्या, विषाने मरणाऱ्या अळ्या वाढाव्यात, त्यांच्या पतंगांचा बीटीतून वाचलेल्या मोजक्या पतंगांशी संकर व्हावा आणि होणारी प्रजा बीटीवर मरावी, अशी ती योजना होती.

आपल्याकडे ही योजना कागदावरच राहिली. पुडी बांधावर फेकली गेली किंवा लावलीच गेली नाही, हे खरे आहे. तरीही सगळा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मला पटत नाही. चार एकरांच्या शेतकऱ्याने स्वतःचे नुकसान सोसून अळ्या पोसाव्यात आणि त्याचा लाभ दहा वर्षांनी सगळ्या तालुक्याला व्हावा, ही अपेक्षाच व्यवहाराला सोडून होती. शिवाय बियाण्यातच एक अडचण दडलेली होती. जगातील बहुतेक देशांत बीटी कपाशीचे सरळ वाण पेरले जातात. भारतात मात्र संकरित वाण आले, आणि त्यांत बीटीचे जनुक सहसा एकाच पालकाकडून येते. अशा झाडाच्या बोंडातील सर्व बिया सारख्या नसतात. एका विषाच्या वाणात पाव बिया विषाविना असतात, तर दोन विषांच्या वाणात काही बियांत एकच विष असते आणि सुमारे सोळातील एका बीत एकही नसते. गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून बियाच खाते. म्हणजे मरण येण्याइतके विष काही अळ्यांच्या पोटात जातच नाही, आणि ज्यांच्याकडे बदललेल्या जनुकाची एकच प्रत आहे त्याही वाचून जातात. पीक जुने होत जाते तसे त्यातील विषाचे प्रमाणही घटते, त्यामुळे फरदड, म्हणजे वेचणीनंतरही न काढता ओलिताखाली फेब्रुवारी-मार्चपर्यंत ठेवलेले पीक, हे प्रतिकारक्षम अळ्या निपजण्याचे हमखास ठिकाण ठरले.

तारखा पाहिल्या की वेग लक्षात येतो. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली आणि २००६ मध्ये दोन विषांचे वाण आले. गुजरातेतील गुलाबी बोंडअळी पहिल्या विषाला दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले, २०१४-१५ पर्यंत तेथे दुसरे विषही कुचकामी ठरू लागले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा व खानदेशात काय झाले ते आपण स्वतः अनुभवले असेल. याच अळीची अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील कहाणी अगदी उलट आहे. तेथे १९९६ पासून बीटी कपाशी होती, रेफ्युजीचा नियम शेतकऱ्यांनी कसोशीने पाळला, २००६ पासून विमानांतून वंध्य पतंग सोडले गेले, आणि २०१८ मध्ये मुख्य भूमीवरील कापूसपट्ट्यातून या किडीचे उच्चाटन झाल्याचे तेथील कृषी खात्याने जाहीर केले. प्रयोगशाळेत विषातून वाचलेल्या अळ्यांची निवड केली असता तेथील अळ्यांतही त्याच कॅडहेरिन जनुकात बिघाड आढळले होते. कीड तीच आणि जनुकही तेच असताना निकाल वेगळा लागला, कारण शेती वेगळी होती.

हिरव्या बोंडअळीचे उदाहरण याला पूरक आहे. ती तूर, हरभरा, टोमॅटो अशा कितीतरी पिकांवर जगत असल्याने विषाशी कधीच गाठ न पडलेल्या पतंगांचा पुरवठा आपोआप होत राहिला, आणि बीटीसमोर ती गुलाबी अळीइतकी शिरजोर झाली नाही. गुलाबी अळी मात्र जवळजवळ केवळ कपाशीवरच जगते. म्हणून तिच्या बाबतीत पीक वेळेत संपवणे याला पर्याय नाही. लवकर येणारे वाण लावावेत, फरदड घेऊ नये, डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटून त्यांची विल्हेवाट लावावी, कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावावेत आणि डोमकळ्या (अळीमुळे न उमलता मिटून राहिलेली फुले) दिसताच तोडून नष्ट कराव्यात. या उपायांतून तयार होणारा निवडीचा दाब, म्हणजे कोण जगेल आणि कोण मरेल हे ठरवणारा ताण, एकाच विषाच्या दाबासारखा एकमार्गी नसल्याने त्यांना तोंड देणारी अळी निपजणे पुष्कळ अवघड असते.

प्रश्न : स्वयंपाकघरात जेल लावले की पूर्वी झुरळे पटापट मरत. आता ती जेलपर्यंत येतात आणि परत जातात. झुरळांना विष ओळखता येते का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : विष ओळखता येत नसेल, पण गोडी नकोशी वाटत असू शकते. आपल्या घरातील सर्वच झुरळांना हे लागू आहे असे म्हणता येणार नाही. जेल जुने होऊन सुकले असेल किंवा ओट्यावर त्याहून चविष्ट काही पडलेले असेल, तरी असेच घडते. परंतु ज्या झुरळांचा अभ्यास झाला आहे त्यांची हकीकत विलक्षण आहे.

विषात साखर मिसळून केलेली आमिषे १९८० च्या दशकात अमेरिकेत सर्रास वापरात आली. काही वर्षांतच फ्लोरिडातील एका वस्तीतील जर्मन झुरळे, म्हणजे आपल्याकडे ओट्याखाली आणि फ्रिजमागे दिसणारी लहान, तपकिरी झुरळे, ते आमिष टाळू लागली. ज्युल्स सिल्व्हरमन या कीटकशास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा ती विषाला नव्हे, तर ग्लुकोजला टाळतात असे दिसले, आणि १९९३ मध्ये त्याने दाखवून दिले की ही नावड आनुवंशिक आहे. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याच्या सहकाऱ्यांसह केलेल्या संशोधनातून कारण उलगडले. झुरळाच्या तोंडाजवळील केसांत गोड चव टिपणारे आणि कडू चव टिपणारे असे वेगवेगळे चेतातंतू असतात. या झुरळांत ग्लुकोजने कडू चवीचा तंतू चेतवला जातो. ज्यांना ग्लुकोज गोड लागत होते ती विष खाऊन मेली, आणि ज्यांना जन्मतःच कडू लागत होते त्यांचा वंश वाढला.

अशा बदलाची किंमतही असते. जर्मन झुरळाचा नर मीलनापूर्वी पंखांखालील ग्रंथींतून मादीला गोड स्राव चाटू देतो. त्यातील माल्टोजचे मादीच्या लाळेने ग्लुकोज होते, ते तिला कडू लागते आणि ती निघून जाते. अशा नरांची पंचाईत झाली खरी, पण त्यांच्यातही निवड सुरू असून या वाणाच्या नरांच्या स्रावात चटकन ग्लुकोज न होणाऱ्या साखरेचे प्रमाण अधिक आढळले आहे. ओघात आणखी एक सांगण्यासारखी गोष्ट : या झुरळाचे नाव जर्मन असले तरी २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार त्याचा उगम सुमारे २,१०० वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या प्रदेशात, माणसाच्या वस्तीला जवळ केलेल्या एका रानटी जातीपासून झाला. आज ते रानात कोठेच आढळत नाही.

उपाय म्हणून वेगळ्या घटकाचे व वेगळ्या कंपनीचे जेल आलटूनपालटून वापरावे, रात्री सिंक कोरडे ठेवावे आणि फटी बुजवाव्यात. पाणी तोडले की झुरळांची सर्वाधिक अडचण होते.

प्रश्न : इंग्लंडमधील काळ्या पतंगाचे उदाहरण मी दरवर्षी शिकवते. या वर्षी एका विद्यार्थ्याने विचारले, की ते प्रयोग आणि छायाचित्रे बनावट होती असे त्याने वाचले आहे, ते खरे का? (विज्ञान शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : विद्यार्थ्याचे कौतुक करावे आणि उदाहरण शिकवत राहावे. त्याने वाचलेल्यात तथ्याचा अंश आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे.

पेपर्ड मॉथ हा पांढऱ्या पंखांवर काळे ठिपके असलेला पतंग दिवसा झाडावर निश्चल बसतो आणि दगडफुलाने भरलेल्या सालीवर सहज लपतो. त्याचे काळे रूप मँचेस्टरजवळ १८४८ मध्ये सापडल्याची नोंद आहे. कोळशाच्या धुराने त्या भागातील दगडफूल मेले, साली काजळीने काळवंडल्या, आणि १८९५ पर्यंत तेथील सुमारे ९८ टक्के पतंग काळे झाले. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९२४ मध्ये गणित मांडून दाखवले, की इतक्या झपाट्याने बदल व्हायचा तर काळ्या पतंगांची पुढील पिढीतील भर पांढऱ्यांच्या जवळजवळ दीडपट असली पाहिजे. निवडीचा इतका तीव्र दाब तेव्हा अनेकांना अशक्य वाटला होता. (हेच हॉल्डेन पुढे १९५७ मध्ये भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि भुवनेश्वर येथे निवर्तले, हेही विद्यार्थ्यांना सांगावे.)

बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ पासून बर्मिंगहॅमजवळील काळवंडलेल्या आणि नंतर डॉर्सेटमधील स्वच्छ रानात खुणा केलेले पतंग सोडून, पक्षी कोणते टिपतात ते पाहिले. आक्षेप आहेत ते या प्रयोगांवर. पतंग दिवसा सोडले गेले, एकाच जागी फार दाटीने सोडले गेले, आणि ते खोडावर ठेवले गेले, जेव्हा निसर्गात ते बहुधा फांद्यांवर बसतात. पाठ्यपुस्तकांतील शेजारी शेजारी बसलेल्या काळ्या-पांढऱ्या पतंगांची अनेक छायाचित्रे मृत पतंग चिकटवून घेतलेली होती, हेही खरे. ती रंगांतील फरक दाखवण्यासाठी होती, पुरावा म्हणून नव्हे. पण तसे चित्राखाली छापले गेले असते तर पुढचा गोंधळ टळला असता.

या आक्षेपांना कृतीने उत्तर दिले ते केंब्रिजच्या मायकेल मजेरस यांनी. २००१ ते २००७ या काळात त्यांनी ४,८६४ पतंग रात्रीच्या वेळी, विरळ प्रमाणात आणि त्यांच्या नैसर्गिक बसण्याच्या जागी सोडले, आणि पहाटे पक्षी कोणते पतंग खातात ते स्वतः पाहिले. तोवर हवा स्वच्छ झालेली असल्याने परिस्थिती उलटी होती, आणि काळ्या पतंगांचे रोजचे जगण्याचे प्रमाण पांढऱ्यांपेक्षा सुमारे ९ टक्क्यांनी कमी आढळले. मजेरस २००९ मध्ये वारले. त्यांच्या नोंदींचे विश्लेषण इतर शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे २०१६ मध्ये लिव्हरपूल येथील गटाने काळ्या रंगाला कारण ठरणारा जनुकीय बदलही शोधला. पतंगाच्या जनुकसंचात जागा बदलत फिरणारा एक तुकडा सुमारे १८१९ च्या सुमारास पंखांच्या रंगाशी संबंधित भागात जाऊन बसला होता, असा त्यांचा अंदाज आहे.

वर्गात भर द्यावा तो या कथेच्या दुसऱ्या भागावर. १९५२ च्या लंडनमधील जीवघेण्या धुरक्यानंतर १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, काजळी ओसरली, आणि काळे पतंग पुन्हा दुर्मीळ झाले. काळा पतंग पांढऱ्यापेक्षा ‘प्रगत’ होता असा समज मुलांच्या मनात राहून जातो. तो या उताराने आपोआप दूर होतो.

प्रश्न : तापमानवाढीमुळे आणि रात्रीच्या दिव्यांमुळे कीटकांत आनुवंशिक बदल झाल्याचे पुरावे आहेत का? असल्यास, फुलपाखरे आणि मधमाश्याही जुळवून घेतील असे मानता येईल का? (पदवीचा विद्यार्थी, फोंडा, गोवा)

उत्तर : पहिल्या भागाचे उत्तर होकारार्थी आहे. उत्तर अमेरिकेत घटपर्णीच्या पानात साठलेल्या पाण्यात वाढणारा एक छोटा डास आहे. त्याची अळी दिवसाच्या लांबीवरून ऋतू ओळखते आणि दिवस ठराविक मर्यादेपेक्षा लहान झाला की हिवाळ्यासाठी सुप्तावस्थेत जाते. विल्यम ब्रॅडशॉ आणि क्रिस्टिना होल्झापफेल यांनी १९७२ ते १९९६ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा उत्तरेकडील डासांत ही मर्यादा सरकलेली आढळली. १९९६ मधील डास पूर्वीपेक्षा सुमारे नऊ दिवस उशिरा सुप्तावस्थेत जात होते. प्रयोगशाळेत सारख्याच परिस्थितीत वाढवूनही फरक कायम राहिला, म्हणजे तो उबेचा तात्कालिक परिणाम नव्हता. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास तापमानवाढीमुळे झालेल्या आनुवंशिक बदलाच्या पहिल्या ठोस पुराव्यांपैकी मानला जातो.

दिव्यांबाबतचा एक देखणा प्रयोग स्वित्झर्लंडमधील बाझेल शहराच्या परिसरातील आहे. दिव्यांनी उजळलेल्या आणि अंधाऱ्या अशा दोन्ही भागांतून एका छोट्या पतंगाच्या अळ्या गोळा करून एकाच ठिकाणी वाढवल्या गेल्या. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उजळ भागातील वंशाचे पतंग दिव्याकडे सुमारे ३० टक्के कमी आकर्षित झाले. दिव्यांपासून वाचलेले हे पतंग कदाचित एकूणच कमी उडत असावेत, अशी शंका संशोधकांनी व्यक्त केली आहे. तसे असेल तर फुलांचे परागीभवन आणि वटवाघळांचे अन्न या दोन्हींवर त्याचा परिणाम होईल.

प्रश्नाचा दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर निराशाजनक आहे. निवड नवे काही निर्माण करत नाही. समुदायात आधीपासून असलेल्या वैविध्यातून ती वेचते. ज्यांची संख्या कोट्यवधी, पिढी काही आठवड्यांची आणि खाणेपिणे माणसाच्या सोयीशी जुळणारे, त्यांच्याकडे हे वैविध्य मुबलक असते. डास, घरमाश्या, झुरळे आणि पिकांवरील किडी यांत मोडतात. वर्षाला एकच पिढी, एखाद्याच वनस्पतीवर अवलंबून असलेली अळी आणि तुकड्यातुकड्यांत विखुरलेली मोजकी संख्या, अशा फुलपाखराला ती चैन परवडत नाही. उपयोगी पडणारा जनुकीय बदल त्या समुदायात असण्याची शक्यताच कमी. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील भुंगमाश्यांच्या (बंबलबी) २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात त्यांच्या क्षेत्राची दक्षिणेकडील सीमा काही ठिकाणी ३०० किलोमीटरपर्यंत आक्रसलेली आढळली, पण उत्तरेकडे त्या तितक्या सरकल्या नव्हत्या. त्यामुळे ‘कीटक जुळवून घेतात’ हे विधान सरसकट करणे धोक्याचे आहे. जे जुळवून घेतात त्यांत आपल्याला नको असलेल्यांचा भरणा असतो.

प्रश्न : लंडनच्या भुयारी रेल्वेत दीडशे वर्षांत डासाची नवी जात निर्माण झाली, असे येथे नेहमी सांगितले जाते. ते कितपत खरे आहे? (एक वाचक, लंडन)

उत्तर : अलीकडेपर्यंत बरेच जण तसे मानत होते. ही भुयारी रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावापासून बचावासाठी स्थानकांत रात्री काढणाऱ्या लोकांना या डासांनी बेजार केले होते. जमिनीवरील त्यांचे भाऊबंद मुख्यतः पक्ष्यांचे रक्त पितात, मीलनासाठी मोकळ्या जागेत थवे करतात आणि हिवाळ्यात सुप्त राहतात. भुयारातील डास माणसाला चावतात, अरुंद जागेत मीलन करतात आणि वर्षभर सक्रिय असतात. १९९९ मधील एका अभ्यासात दोहोंत जनुकीय अंतर आढळल्याने भुयारातच जात घडली, ही कथा रूढ झाली.

परंतु २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील शेकडो डासांच्या जनुकसंचांच्या तुलनेतून हे रूप हजारो वर्षांपूर्वी, बहुधा भूमध्य सागर आणि मध्यपूर्वेच्या परिसरात, शेती करून स्थिर झालेल्या माणसांच्या सान्निध्यात घडले असावे, असे दिसून आले. लंडनच्या भुयारांत ते तयारीनिशीच आले. तेथील उबेने आणि साठलेल्या पाण्याने त्याला आसरा दिला. म्हणजे माणसामुळे डास बदलला हे खरेच आहे, मात्र तो बदल आगगाडीने नव्हे, तर नांगरामुळे झाला. या दोन रूपांचा संकर कोठे आणि किती होतो, याचा अभ्यास आता अधिक बारकाईने सुरू आहे, कारण पक्षी आणि माणूस या दोघांनाही चावणारा संकरित डास पक्ष्यांतील वेस्ट नाईल विषाणू माणसापर्यंत आणू शकतो.